टोपीचा वीर

दादासोनं दिलेली निळी साडी नकोशीनं नेसली नव्हती. ती पिशवीतच होती, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. चार दिवसांपूर्वी लोणी देवकरला घरी येऊन त्यानं ती स्वतःच्या हातानं दिली होती आणि वर सांगितलं होतं, "डोळ्याला शोभंल असा रंग बघून घेतलाय. फोटूत डोळं उठून दिसलं पायजेत." सत्तेचाळीस वर्षांत ह्या चुलतभावानं तिच्या डोळ्यांबद्दल पहिल्यांदाच काही बरं म्हटलं होतं. तेव्हा तिला हसू आलं. अंथुर्ण्याच्या एसटीत बसल्यावर त्या हसण्याचा राग झाला, आणि बंगल्याच्या फाटकाशी येईतो तो राग चांगलाच पिकला होता.

फाटकावर भलामोठा फ्लेक्स लावला होता. घोड्यावर बसलेला एक दाढीवाला गोरा माणूस, डोक्यावर रुंद काठाची टोपी, काखेत लांब छडी. त्याच्या शेजारी हात जोडलेला दादासो, गोऱ्याच्या दुप्पट आकाराचा. मधे अक्षरं होती, 'अमेरिका ते अंथुर्णे'. परवा अमेरिकेहून बार्बरा नावाची बाई येणार होती, ह्या घोडेस्वाराच्या बहिणीची खापरपणती. तिच्या स्वागताची तयारी ठरवायला आज सगळी भावकी गोळा केली होती.

तिच्यासोबत आलेली आई, ठमाबाई, फ्लेक्सपुढं थांबली. नकोशीला वाटलं, आईचा पाय फाटकातून आत पडत नाही म्हणून ती थांबली आहे. तसं असतं तरी नवल नव्हतं. पण ठमाबाई त्या गोऱ्याच्या डोक्याकडं बघत होती आणि तिचा अंगठा तर्जनीवर गोल गोल फिरत होता, काहीतरी घासत असल्यासारखा.

"आये, चल. न्हाय तर माघारी जाऊ. अजून एसटी हाय."

"माघारी जायाला मी हितवर आले व्हय?" ठमाबाई म्हणाली. "मला एकच ऐकायचंय. त्यानं चारचौघांत म्हणावं, ठमा खरी हुती. त्येवढं ऐकलं की मी मराया मोकळी."

त्यानं म्हणजे सावळारामानं. दादासोच्या बापानं.

ठमाबाई ह्या जागेतून बाहेर पडली तेव्हा फाटक नव्हतं आणि बंगलाही नव्हता. कुडाचं घर होतं आणि पुढं मेंढरांचा वाडा. नकोशी तेव्हा बारा दिवसांची होती. गोरीपान, भुऱ्या जावळाची, आणि डोळे घारे. ठमाबाई सावळी, तिचा नवरा रावजी तर काळाकुट्ट. बाराव्या दिवशी चावडीवर भावकी बसली आणि रावजीच्या थोरल्या भावानं, ह्या सावळारामानं, अख्ख्या गावासमोर विचारलं, हे लेकरू कुणाचं? ठमाबाईनं बेलभंडारा उचलला. बिरदेवाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती, पण त्या दिवशी देवाच्या भंडाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. लेकराचं नाव 'नकोशी' ठेवलं तेही सावळारामानंच. मग दोघींना बैलगाडीत घालून लोणी देवकरला ठमाबाईच्या भावाच्या दारात उतरवलं. रावजी गाडीमागं ओढ्यापर्यंत चालत आला आणि तिथून फिरला. पुढं तो मेला तेव्हा बायकोला कळवायचीसुद्धा कुणाला आठवण झाली नाही.

नकोशीचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी फक्त बापाचं गाव विचारलं होतं. आता ती एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिथल्या बायका तिला लाडानं 'मांजरे' म्हणत. लाडानं म्हणत म्हणून ती सोसत होती.

ओसरीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. सर्वपित्री अमावास्या होती, उद्या घट बसायचे होते, म्हणून देव्हाऱ्यातले चांदीचे टाक काढून पितळी परातीत ठेवले होते आणि दादासोची बायको ते चिंचेनं घासत होती. सावळाराम खांबाला टेकून बसला होता. त्र्याऐंशी वर्षांचा, डोक्याला पिवळा पटका, कंबरेला भंडाऱ्याची कातडी पिशवी. ठमाबाईला बघून त्यानं मान वळवली आणि खांबाला लागलेल्या मुंग्या बघू लागला.

"या काकी, या!" दादासो पुढं धावला. त्याच्या आवाजात असा काही गोडवा होता की ठमाबाई गेल्या आठवड्यातच येऊन गेली असावी असं वाटावं. "नकोशे, साडी का न्हाय नेसली?"

"धुवायला काढावी लागंल," नकोशी म्हणाली. "वास येतोय तिला."

दादासोला ते समजलं नाही किंवा समजून घ्यायचं नव्हतं. त्यानं दोघींना पुढं, अगदी लॅपटॉपसमोर बसवलं. लॅपटॉप श्रेयाचा, त्याच्या मुलीचा. ती पुण्यात शिकत होती आणि हे सगळं तिनंच खणून काढलं होतं.

श्रेया उभी राहिली. तिच्या डोळ्यांत खराच आनंद होता, तिच्यावर रागावणं नकोशीला अवघड गेलं.

"मी फक्त आबांच्या आज्यांचं, भिमाआज्यांचं नाव शोधत होते," ती म्हणाली. "ते कुठं जन्मले, एवढंच हवं होतं. तर बार्बराबाईंनी त्यांच्या घरातली जुनी पत्रं इंटरनेटवर टाकलेली सापडली. त्यांत इंदापूर होतं, आणि भिमा हे नाव होतं. मग पप्पांची थुंकी नळीत घालून तपासायला पाठवली. नातं जुळलं."

"शंभर टक्के जुळलं!" दादासो म्हणाला.

"शंभर नाही पप्पा. पण जुळलं. तर हा माणूस आसा ट्रास्क. जन्म अठराशे अठ्ठेचाळीस, अमेरिकेतलं व्हरमाँट. दगडाच्या खाणीत काम करायचा. तेव्हा तिकडनं मुंबईला जहाजांतून बर्फ यायचा. त्या जहाजावर तो आला, बर्फ उतरवला आणि परत गेलाच नाही. मोठा दुष्काळ पडला, कालव्याचं काम निघालं, तिथं खडकात सुरुंग लावायला जाणता माणूस पाहिजे होता. तसा तो आपल्याकडं आला."

"मुकादम हुता," दादासोनं भावकीला समजावलं. "साधासुधा न्हवं. घोडं हुतं त्याला."

"घोडं कामावरचं होतं," श्रेया म्हणाली. "बहिणीला त्यानं चार पत्रं लिहिली. चौथं तुम्हाला वाचून दाखवते, मी मराठी केलंय. 'इथं मेंढपाळांची एक विधवा आहे, बानू. दुष्काळात तिची सगळी मेंढरं गेली, दोन उरली होती. कामावरच्या विहिरीचं पाणी मी त्या दोन मेंढरांना पाजू दिलं म्हणून साहेबानं माझा एका आठवड्याचा रोज कापला. ती मला वेडा म्हणते. तिची माणसं तिच्याशी बोलत नाहीत, माझी माणसं माझ्याशी. आम्हाला मुलगा झाला आहे, भिमा. कातडी आईची घेतली, डोळे मात्र माझे घेऊन आला.'"

श्रेयानं पुढचं पान उघडलं. "पाचवं पत्र त्याचं नाही. दुसऱ्या कुणी कळवलंय, पटकीनं तीन दिवसांत गेला. छत्तीस वर्षांचा होता. कालव्याच्या भरावाशेजारी पुरला."

ओसरीवरची सगळी मुंडकी एकदम नकोशीकडं वळली. बायका वाकून बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आगं बया, त्येच की हे डोळं!" आणि मागून एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नकोशीच्या कानशिलातून वाफ निघाली. ह्याच डोळ्यांपायी बाराव्या दिवशी गाडीत घातलेल्या पोरीसाठी ही माणसं टाळ्या वाजवत होती, आणि एकाच्याही तोंडावर लाज नव्हती. दादासो तर पुढं झाला, तिच्या हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडं वळवू लागला. "बघा, बघा. परवा मॅडमच्या शेजारी हिलाच उभी करायची."

नकोशीनं त्याचा हात झटकला. "हात लावू नगो. मी काय जत्रंतलं खोंड हाय?"

"आगं, कौतिकानं—"

"पोरी," ठमाबाईचा आवाज आला. ती श्रेयाकडं बघत होती. आवाज शांत होता, आणि नकोशीला आईच्या ह्या शांतपणाची जन्मापासून भीती वाटत आली होती. "त्यो फोटू परत दाव. टोपीचा."

श्रेयानं दाखवला. ठमाबाईनं डोळे बारीक केले. अंगठा पुन्हा तर्जनीवर फिरू लागला. मग ती उठली आणि थेट परातीजवळ जाऊन बसली. दादासोच्या बायकोच्या हातातला टाक तिनं न विचारता घेतला.

"मी लगीन करून आले तवा एकोणीस वर्साची हुते," ती म्हणाली. "घटाच्या आदल्या दिवशी टाक घासायचं काम नव्या सुनंचं. पयला बिरदेव, दुसरा खंडोबा, तिसरी जनाई. आन् चौथा वीर."

वीर म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घरातला जो माणूस इच्छा मागं ठेवून मरतो तो घराला शांत बसू देत नाही. त्याचा टाक करून देवांत बसवतात, दरसाल त्याला न्हाऊ-माखू घालतात, मग तो गप होतो.

"त्या वीराच्या डोस्क्याभवती काठ हुता," ठमाबाई म्हणाली. "गोल, पातळ. घासताना चिंचंचा चोथा त्या काठाखाली आडकायचा. काडीनं काढावा लागायचा. मी सासूबाईस्नी इचारलं, ह्या वीराला पटका का न्हाय? तर त्यांनी माझ्या हातावर फटका हाणला. माझ्या बोटांस्नी अजून म्हाईत हाय ती टोपी." तिनं हातातला टाक वर धरला. "हा बघा चौथा. ह्याला पटका हाय. चोथा आडकाया जागाच न्हाय. भावजी, त्यो जुना टाक कुठं हाय?"

सावळाराम मुंग्या बघत राहिला. "झिजला हुता," तो म्हणाला. "नवा करून घेतला."

"कंदी?"

"आता काय ध्येनात राह्यतंय?"

"बरं. नवा केला तर भावकीला जेवाण घालत्यात. कुणी जेवलंय का हितलं?" ठमाबाईनं ओसरीभर नजर फिरवली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांतल्या एकानं मान हलवली. "न्हाय बा. ह्या घरात टाक बदलल्याचं जेवाण म्या खाल्लं न्हाय. खाल्लं आसतं तर इसरलो नसतो."

"म्हंजी चोरून केला," ठमाबाई म्हणाली. "कशापायी?"

"काकी, आता टाकाचं काय मधीच काढलंय?" दादासो वैतागला. "परवा माणसं यायच्यात. मंडपवाला खोळंबलाय. आपण काय बोलतोय, तुमी काय बोलताय!"

"पप्पा, थांबा," श्रेया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिला काहीतरी उमगायला लागलं होतं. "आबा, जुन्या टाकावर टोपी होती?"

नातीनं विचारल्यावर म्हातारा हलला. त्याचा उजवा हात कंबरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीवर गेला आणि तिथंच बसून राहिला. नकोशीला तो हात दिसला. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि तिनं आपलं तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं.

"आबा, माझ्याकडं बघा."

तो बघेना.

"सत्तेचाळीस वर्सांत एकदा तरी बघितलंय का ह्या डोळ्यांत? नाव ठेवताना तरी? का तवाबी मुंग्याच मोजत हुता?"

"पोरी, बाजूला हो."

"न्हाय व्हत. त्या पिशवीत काय हाय?"

म्हाताऱ्याची बोटं पिशवीवर आवळली, मग सुटली. नकोशीनं नाडी ओढली आणि हात घातला. मऊ, थंड हळद, आणि तळाशी काहीतरी टणक. तिनं ते बाहेर काढून पदराला पुसलं. रुपयाहून थोडा मोठा, झिजलेला चांदीचा पत्रा. घोड्यावर माणूस, काखेत छडी. डोक्याभोवती गोल काठ, आणि त्या काठाखाली हळद गच्च बसलेली.



"मी भिमाआज्याच्या मांडीवर बसलोय," सावळाराम बोलू लागला. त्यानं अजूनही मान वर केली नव्हती. "सा वर्साचा हुतो. त्याचं डोळं आसंच हुतं. त्यो कोकणाकडं मेंढरं घिऊन गेला, तिकडंच मेला. आमी ह्या गावात मागनं आलो, हितं त्याला कुणी बघितलाच न्हाय. रावजीनंबी न्हाय. आमचा बाप, गेणूतात्या, मराया टेकला तवा त्यानं मला टाक हवाली केलं आन् सांगितलं, ह्यो टोपीचा वीर मंजी भिमाचा बाप. बानूबाईला त्यो सपनात दिसायचा, पाणी मागायचा, म्हून तिनं टाक केला. थोरल्यानं थोरल्याला सांगायचं, दुसऱ्याला न्हाय."

"गेणूतात्या कंदी वारला?" नकोशीनं विचारलं. तिला ते माहीत होतं. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"पंच्याहत्तर साली."

"आन् मी?"

"तू अठ्ठ्याहत्तरची."

"म्हंजी माझी आय भंडारा उचलून चावडीवर उभी हुती, तवा तुमाला समदं म्हाईत हुतं."

सावळारामानं डोळे मिटले. "भैनीचं लगीन ठरल्यालं. माळेगावचं घर. कळलं आसतं तर म्हणली आसती, बाटगं घर हाय. भैन गेली आसती, मग माझ्या पोरी, मग समद्यांच्याच. मी इचार केला, एका बाईचं जाईल, घर राहील."

"एका बाईचं," ठमाबाई म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण नकोशीनं जे सत्तेचाळीस वर्षं दाबून ठेवलं होतं ते त्या दोन शब्दांनी उसळलं. ह्या म्हाताऱ्याचा गळा धरावा असं तिला वाटलं, अगदी खरोखर वाटलं, तिचे हात तसे वर आलेही. चुकून झालं असतं, न कळून झालं असतं तर ती कदाचित विसरली असती. ह्यानं सगळं कळून केलं होतं, आणि वर तिचं नाव ठेवलं होतं.

"मग हा का ठेवला?" तिनं टाक त्याच्या नाकासमोर धरला. "नवा केला तर जुना वितळवायचा. पुरावाच गेला आसता."

"द्येव कसा वितळवायचा?" म्हातारा कळवळून म्हणाला, आणि हे मात्र तो तिच्याकडं बघून म्हणाला. "सोनार म्हणत हुता, द्या, वितळवतो. मी म्हणलो, न्हाय, मी नदीला सोडतो. नीरंवर गेलो, गुडघाभर पाण्यात उभा राह्यलो. हात सुटंना. आपलाच पणजा हाय की त्यो. तवापासनं कंबरंला हाय. झोपताना रुततोय."

कुणाच्या तरी तोंडून चुकचुकण्याचा आवाज आला. आणि त्याच वेळी दादासो पुढं झाला. त्याचे डोळे चमकत होते.

"मंजी हा ओरिजनल हाय! श्रेया, बघितलंस? शंभर वर्सांच्या वरचा! आरं, मॅडम येडी होईल बघून! हाच तिच्या हातात ठेवायचा, व्हिडिओ काढायचा—"

"पप्पा, गप्प बसा!" श्रेया किंचाळली आणि तिनं लॅपटॉप फाडकन मिटला.

दादासो गप्प झाला, पण फार वेळ गप्प राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. अमेरिकेच्याही नाही आणि अंथुर्ण्याच्याही नाही. त्यानं आवाज खाली आणला आणि ठमाबाईपुढं हात जोडले, फ्लेक्सवर जोडले होते तसेच. "काकी, झालं ते लई वंगाळ झालं. आबांनी कबूल केलं, समद्या भावकीनं ऐकलं. आता सोडा. तुमचा मान आमी ठेवू. उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर तुमचाबी टाक करून ह्या देव्हाऱ्यात बसवू. शब्द हाय माझा."

ठमाबाई हसली. ते हसू बघून दादासोची बायको परातीपासून मागं सरकली.

"माझा टाक करायचा न्हाय, दादासो. टाक करत्यात मेल्यालं माणूस गप बसावं म्हून. मला गप बसायचं न्हाय. मी मेल्यावरबी ह्या घराच्या उरावर बसणार हाय, ध्येनात ठेव." ती सावळारामाकडं वळली. "घरात बोलला ते मी ऐकलं. त्याचा मला उपेग न्हाय. माझी आब्रू ओसरीवर न्हाय घेतली तुमी. चावडीवर घेतली. जितं घेतली तितं द्या."

"चावडीवर?" दादासो ओरडला. "आज? आवो परवा कार्यक्रम! गावात काय तोंड दावू?"

"तू आज्याचा फोटू फाटकावर लावलाय," नकोशी म्हणाली. "त्याची लाज न्हाय वाटत, आन् ह्याची वाटतीय? हा टाक माझ्यापाशी हाय. चावडीवर बोलले तर माघारी दीन. न्हाय तर लोणीला घिऊन जाते. आन् परवा मॅडमच्या शेजारी तूच उभा ऱ्हा. निळी साडी हाय पिशवीत, तीबी नेस."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

सावळारामानं खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला. दादासो त्याला खाली बसवायला धावला, "आबा, ऊन हाय, बीपी वाढंल." म्हाताऱ्यानं त्याला कोपरानं ढकललं. "काठी दे," तो म्हणाला. "आन् माझ्या मागं येऊ नगंस."

पण मागं सगळेच गेले. पुढं सावळाराम, त्याचा हात धरलेली श्रेया, चार पावलं सोडून ठमाबाई आणि नकोशी, आणि मग भावकी. रस्ता तापला होता. नकोशीनं टाक मुठीत धरला होता आणि त्याचा काठ तिच्या तळहाताला रुतत होता. आई एवढ्या ताठ चालीनं चालताना तिनं कधी पाहिली नव्हती. अंथुर्ण्याचं नाव निघालं तरी जी बाई तोंड फिरवायची, बाजाराला जाताना ह्या गावावरून जाणारी एसटी सोडून दुसरीची दोन-दोन तास वाट बघायची, ती आज गावाच्या मधोमध चालत होती. सगळं गाव आपल्याकडं बोट दाखवतं आहे, ह्या एका भीतीत तिनं आयुष्य काढलं होतं.

चावडीला आता फरशी बसवली होती आणि बाहेर सिमेंटची बाकं होती. डेअरीला दूध घालून आलेली दहा-बारा माणसं तिथं बसली होती. साखर कारखाने सुरू व्हायला अवकाश होता, त्यामुळं ट्रॅक्टरवालेही रिकामेच होते. त्र्याऐंशी वर्षांचा सावळारामआबा एवढ्या उन्हात माणसं घेऊन येतो आहे म्हटल्यावर ती उठून उभी राहिली. मोबाईल खाली गेले.

सावळाराम पायरीवर चढला. पिशवीतून त्यानं मूठभर भंडारा काढला आणि तळहातावर धरला. भंडारा बोटांतून फरशीवर सांडत होता.

"बिरदेवाची आन घिऊन सांगतो," तो म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर साली ह्याच जागेवर आमी आमच्या घरच्या सुनंला, ठमाबाईला, खोटं पाडलं. ती खरी हुती. लेकरू माझ्या भावाचंच हुतं. मला म्हाईत हुतं, आन् मी बोललो न्हाय. पाप माझं हाय."

 आता काय होईल ते नकोशीला कळत नव्हतं. कुणी थुंकेल, कुणी रडेल, कुणी म्हणेल की आम्हाला तेव्हाच वाटलं होतं.

बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांतला एक ट्रॅक्टरवाला, चाळिशीचा, अंगानं आडवा, आदबीनं पुढं झाला.

"आबा, माफ करा," त्यानं विचारलं. "पर कोण ठमाबाई?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. बाकावरच्या कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी इथं बसलेले पंच कधीच मातीआड झाले होते, बघायला जमलेल्या बायका गेल्या होत्या, आणि ज्या गावाला घाबरून ठमाबाईनं सत्तेचाळीस वर्षं वाट वाकडी केली त्या गावाला तिचं नावसुद्धा आठवत नव्हतं. नकोशीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, रागाचं पाणी. निदान आठवायचं तरी! एवढं लुटलं, तर निदान लुटल्याची आठवण तरी ठेवायची!

तिनं आईकडं पाहिलं. ठमाबाई जागच्या जागी उभी होती.  मग तिनं डोक्यावरचा पदर, जो मोठ्या दिरासमोर तिनं आजही न चुकता घेतला होता, मागं सारला आणि ती पायरीवर चढली.

"मी ठमाबाई," ती म्हणाली. "रावजीची बायकू. गेणूतात्याची धाकली सून. ही माझी लेक." तिनं बाकांकडं हात केला. "बसा समदी. उभं राहून व्हायचं न्हाय." मग ती सावळारामाकडं वळली. "भावजी, ह्यांस्नी कायबी ठावं न्हाय. पयल्यापास्नं सांगा."

"पयल्यापास्नं मंजी कुठनं?"

"बानूबाईपास्नं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. श्रेयानं त्याला बाकावर टेकवलं. हातातला भंडारा त्यानं खाली ठेवला नाही. "दुस्काळ पडला हुता," त्यानं सुरुवात केली. "कालव्याचं काम निघालं हुतं. आमच्यातली एक बाई हुती, तिची दोनच मेंढरं राह्यली हुती..."

नकोशी पायरीच्या कडेला बसली. तिथं पडलेली एक वाळकी काडी तिनं उचलली, टाक गुडघ्यावर ठेवला आणि टोपीच्या काठाखाली बसलेली हळद हळूहळू उकरून काढू लागली. घोड्यावरच्या माणसाचं कपाळ मोकळं झालं, मग तोंड दिसू लागलं. मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही.

"मोठ्यानं, भावजी," ठमाबाई म्हणाली. "मोठ्यानं सांगा."